सनद, वकीलपत्र आणि सात-बारा: तालुक्याचा दिवाणी वकील कसा घडतो

वकीलपत्राच्या, म्हणजे पक्षकाराने आपल्या वकिलाला दिलेल्या अधिकारपत्राच्या, तळाशी, वकिलाच्या सहीखाली, एक क्रमांक लिहिलेला किंवा शिक्क्याने उमटवलेला असतो. आधी ‘एमएएच’, मग तिरकी रेघ, मग काही अंक, पुन्हा तिरकी रेघ आणि शेवटी एक वर्ष. तालुक्याच्या न्यायालयात येणारे बहुतेक पक्षकार त्या क्रमांकाकडे न बघताच वर आपली सही किंवा अंगठा करतात आणि शेताच्या बांधापासून वडिलांच्या मृत्युपत्रापर्यंतचे सगळे काही त्या माणसाच्या हवाली करून मोकळे होतात. तो क्रमांक म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या नोंदवहीतील त्या वकिलाची जागा, आणि शेवटचे वर्ष म्हणजे त्याला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली ते वर्ष. त्या वर्षावरून वकील किती जुना आहे हे कळते, पण त्याने त्यातली किती वर्षे न्यायालयात काढली हे कळत नाही. सनद काढून पंधरा वर्षे बँकेत नोकरी केलेला, मध्यंतरी सनद स्थगित ठेवलेला आणि निवृत्तीनंतर काळा कोट चढवलेला माणूसही कागदावर ज्येष्ठच दिसतो.

मी स्वतः सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी कामे चालवतो, त्यामुळे हा विषय मला त्रयस्थपणे मांडता येणार नाही. तरीही दिवाणी वकिलाची व्यावसायिक पार्श्वभूमी म्हणजे नेमके काय, तिच्यातले कागदावरचे किती आणि हाताला लागलेले किती, हे पक्षकाराला माहीत असणे त्याच्याच हिताचे आहे, कारण दिवाणी दावा अनेकदा वकील निवडण्याच्या दिवशीच अर्धा जिंकलेला किंवा हरलेला असतो.

कागदावरचा भाग आधी पाहू, तो तुलनेने सरळ आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि त्याच्या प्रवेशासाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवी हाती आल्यावर 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाखाली राज्याच्या बार कौन्सिलकडे नावनोंदणी होते. त्या कायद्याच्या कलम 24 मध्ये नोंदणीचे शुल्क मुद्रांक शुल्क वगळता 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये इतकेच ठरवलेले आहे. प्रत्यक्षात निरनिराळ्या राज्यांतील कौन्सिले वेगवेगळ्या नावांखाली त्याच्या कितीतरी पट रक्कम घेत असत. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा बेकायदा ठरवली. गावाकडच्या शेतमजुराच्या मुलीला काळा कोट शिवण्याआधीच कर्ज काढावे लागत होते, याची जाणीव त्या निकालात आहे.

नोंदणी झाली तरी काम पुरे होत नाही. 2009-10 या शैक्षणिक वर्षापासून विधी पदवी घेतलेल्या प्रत्येकाला अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती मराठीतूनही देता येते, तिच्यात टिपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तके जवळ ठेवता येतात, आणि उत्तीर्ण होण्यासाठी सर्वसाधारण वर्गाला 45 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के गुण लागतात. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही परीक्षा घेण्याचा भारतीय बार कौन्सिलचा अधिकार मान्य केला. परीक्षा चांगली की वाईट यावर आमच्या बाररूममध्ये चहाच्या तीन फेऱ्या सहज होतात. माझे मत एवढेच आहे की कोणते कलम कोणत्या पानावर आहे हे शोधता येणे आणि समोरचा साक्षीदार कोणत्या क्षणी खोटे बोलू लागला हे ओळखता येणे या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही.

1961 पूर्वी चित्र वेगळे होते. बॅरिस्टर, उच्च न्यायालयाचे वकील, जिल्ह्याच्या न्यायालयांपुरती सनद असलेले प्लीडर, मुखत्यार अशा अनेक पायऱ्या होत्या आणि कोणी कुठे उभे राहायचे हे त्या पायरीवर ठरत असे. स्त्रियांना तर 1923 च्या कायद्यापर्यंत या व्यवसायाचे दारच बंद होते. नाशिकमध्ये 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास केला होता, तरीही त्यांना मायदेशी रीतसर वकिली करण्यासाठी कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. दुसऱ्या बाजूला, छोट्या गावातील वकिली ही सार्वजनिक जीवनाची पाठशाळाही होती. यशवंतराव चव्हाण यांनी कायद्याची पदवी घेऊन कराडला वकिली सुरू केली होती, आणि वसंतराव नाईक यांनी पुसदला. दोघेही पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. शेतकऱ्याच्या तोंडून जमिनीची कहाणी ऐकून तिच्यातून मुद्दा वेगळा काढायचा सराव मंत्रालयातही उपयोगी पडत असणार, असे मला नेहमी वाटते.

आता हाताला लागलेल्या भागाकडे वळू.

सनद मिळालेला तरुण वकील तालुक्याच्या ठिकाणी कोणा ‘सिनिअर’कडे ज्युनिअर म्हणून बसतो. इथे एक खुलासा करायला हवा. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 16 खाली सर्वोच्च किंवा उच्च न्यायालय काही वकिलांना ‘ज्येष्ठ अधिवक्ता’ असा दर्जा देते. तालुक्यातला ‘सिनिअर’ हा त्या अर्थाने सिनिअर नसतो. तो ज्याच्या टेबलापलीकडे आपण काम शिकलो तो माणूस असतो, आणि हे नाते बरेचसे गवयाच्या घराण्यासारखे असते. कोणाचा ज्युनिअर हे कळले की तो दावा कसा लिहील, उलटतपासात आवाज चढवील की नाही, समोरच्या वकिलाला मुदत देताना खळखळ करील का, याचा अंदाज बारमधले जुने लोक बसल्या जागी बांधतात. म्हणून वकिलाची पार्श्वभूमी विचारताना महाविद्यालयाच्या आधी हे विचारावे की त्याने कोणाकडे आणि किती वर्षे काम केले.

पहिल्या वर्षी ज्युनिअर जे करतो ते बाहेरून अगदी किरकोळ वाटते. सकाळी दिवसाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहून प्रकरणांची बंडले लावायची, डायरीत मागची तारीख आणि आजचा टप्पा लिहायचा, पुकारा झाला की सिनिअर दुसऱ्या कोर्टात आहेत असे सांगून प्रकरण थोडे मागे ठेवण्याची विनंती करायची, मुदतीचे अर्ज आणि पर्सिस (न्यायालयाला द्यायची छोटी लेखी निवेदने) लिहायच्या, नकलेसाठी अर्ज करायचा, समन्सचा भत्ता भरायचा आणि बेलिफाकडून समन्स बजावून आले की नाही ते पाहायचे. या सगळ्यातून त्याला जी गोष्ट समजते ती कोणत्याही पुस्तकात सांगितलेली नसते: दावा म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयातून फिरणारा कागद आहे, आणि तो कुठे अडतो हे ज्याला ठाऊक असते त्याचेच प्रकरण पुढे सरकते. माझ्या स्वतःच्या दुसऱ्या वर्षी एका वाटपाच्या दाव्यात सात प्रतिवादींपैकी एकाचा पत्ता चुकीचा टंकला गेला होता, चूक माझीच होती, आणि त्या एका समन्सापायी दावा पाच महिने जागचा हलला नाही. सिनिअर रागावले नाहीत. त्यांनी फक्त पुढच्या प्रत्येक दाव्यात पक्षकारांचे पत्ते मला मोठ्याने वाचायला लावले.

तालुक्यात बहुधा एकच इमारत असते आणि तिच्यात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, हेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. त्यामुळे तालुक्यातील दिवाणी वकील निव्वळ दिवाणी राहू शकत नाही. धनादेश न वटल्याच्या फिर्यादी, पोटगीचे आणि कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज हेही त्याच्या टेबलावर येतात. पुण्या-मुंबईत भाडेकायद्यापुरते किंवा सहकारी संस्थांपुरतेच काम करणारे वकील असतात; तालुक्यात तेवढे काम एकाच विषयात मिळत नाही. मात्र एका विषयात तालुक्याचा वकील शहरी वकिलाला मागे टाकतो, आणि तो विषय म्हणजे जमीन.

समजा एक शेतकरी येऊन म्हणतो की शेजाऱ्याने बांध कोरून माझी चार गुंठे जमीन दाबली. त्याच्या हातात यंदाचा सात-बारा असतो आणि तोच आपल्या मालकीचा पुरावा आहे अशी त्याची ठाम समजूत असते. कायद्याने महसुली नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानल्या जातात हे खरे, परंतु फेरफार नोंदीने, म्हणजे हक्कातील बदलाच्या महसुली नोंदीने, मालकी मिळत नाही, हेही न्यायालयांनी पुन:पुन्हा सांगितलेले आहे. म्हणून जाणता वकील सात-बारा बाजूला ठेवून त्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक पाहतो आणि एकेक फेरफार मागे मागे काढायला सांगतो: वारसाची नोंद, त्यामागे खरेदीखत, त्यामागे एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरचा झालेला गट, त्यामागे कुळाला मिळालेले कुळकायद्याच्या कलम 32 म चे प्रमाणपत्र. कुळकायद्यात 1 एप्रिल 1957 या दिवसाचे महत्त्व ज्याला माहीत नाही, त्याने पश्चिम महाराष्ट्रात जमिनीचा दावा हातात घेऊ नये, कारण त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने खरेदीदार मानले गेले आणि कुळाचा प्रश्न दिवाणी न्यायालयाला स्वतः ठरवता येत नाही. कलम 85 अ प्रमाणे तो मुद्दा महसूल अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. ज्या वकिलाला हे दाव्याच्या पहिल्या दिवशी सुचत नाही, त्याच्या पक्षकाराला ते सातव्या वर्षी कळते.

यानंतर मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्यासाठी अर्ज करायचा, मोजणीदार येईल त्या दिवशी लगतच्या सर्व धारकांना नोटिसा पोहोचल्या आहेत याची खात्री करायची, आणि नकाशाची ‘क’ प्रत मिळाल्यावरच दावा लिहायला बसायचे. इथे घाई करणारे वकील थेट मनाईचा, म्हणजे शेजाऱ्याला अडवणारा आदेश मागणारा, दावा लावतात आणि निशाणी 5 चा, म्हणजे तूर्तातूर्त (निकालापर्यंतची तात्पुरती) ताकीद मिळण्याचा, अर्ज देतात. तो अर्ज मंजूर झाला की पक्षकार पेढे वाटतो. पुढे मोजणी होते, अतिक्रमण खरोखर असल्याचे दिसते, आणि मग लक्षात येते की जागा शेजाऱ्याच्या ताब्यात गेलेली असेल तर निव्वळ मनाई मागून उपयोग नव्हता, ताबाच मागायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये अनातुला सुधाकर या प्रकरणात हे स्पष्ट केलेले आहे की मालकीवरच सावट असेल तर केवळ मनाईचा दावा पुरत नाही. दाव्यात दुरुस्ती मागता येते, पण पुरावा सुरू झाल्यानंतर ती मागायची तर आधी का सुचले नाही याचे समाधानकारक कारण द्यावे लागते, आणि ‘वकिलाला सुचले नाही’ हे कारण न्यायाधीशांसमोर सांगायला वकील अर्थातच तयार नसतो.

वाटपाच्या दाव्यात तर याहून जास्त खाचखळगे असतात. सर्व हिस्सेदार आणि सर्व मिळकती दाव्यात आल्या पाहिजेत. एखादी बहीण वगळली किंवा दूरच्या गावातले घर राहून गेले तर समोरच्याला आयता आक्षेप मिळतो. महाराष्ट्राने मुलींना सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील जन्मतः हिस्सेदार) म्हणून हक्क 1994 मध्येच दिला होता, तो देशभर 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे विनीता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 रोजी ठरले. त्या एका निकालाने आमच्या तालुक्यात किती जुनी हक्कसोडपत्रे पेटीतून बाहेर निघाली हे सांगता सोय नाही. त्यातही दावा चालू असताना माणसे मरतात. पक्षकार वारला तर त्याचे वारस 90 दिवसांत नोंदवावे लागतात, नाहीतर त्याच्यापुरता दावा आपोआप रद्द होतो आणि तो पुन्हा उभा करण्यासाठी पुढचे 60 दिवस मिळतात. वीस-पंचवीस प्रतिवादींच्या दाव्यात कोण वारले याची बातमी वकिलाला न्यायालयातून मिळत नाही. ती त्याला बाजारच्या दिवशी, एस.टी. स्टँडवर किंवा लग्नाच्या पंगतीत मिळते. वकील गावात राहतो की फक्त तारखेला येऊन जातो, हा प्रश्न म्हणूनच व्यावसायिक पार्श्वभूमीचाच एक भाग आहे.

मुदतीचा हिशेब हीदेखील अशीच अंगवळणी पडलेली गोष्ट असते. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे मालकीच्या आधारे ताबा मागायला 12 वर्षे मिळतात, पण हक्काची घोषणा किंवा साठेखताची (पुढे खरेदी करून देण्याच्या कराराची) पूर्तता मागायला तीनच. प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत आणि न्यायालयाने सवलत दिल्यास 90 दिवसांपर्यंत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. सरकारविरुद्ध दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ही कलमे पाठ असणे विशेष नाही. पक्षकार आपली कहाणी सांगत असताना, तो अजून चुलत्याच्या भांडणापर्यंतही पोहोचलेला नसताना, वकिलाच्या मनात तारखांची रांग आपोआप लागत जाणे हे विशेष आहे, आणि त्याला दहा-बारा वर्षे लागतात.

आता पुराव्याबद्दल. 2002 च्या दुरुस्तीपासून सरतपास (आपल्याच साक्षीदाराची जबानी) तोंडी होत नाही, तो प्रतिज्ञापत्रावर लिहून दिला जातो. उलटतपास मात्र अजूनही तोंडी, भर न्यायालयात होतो, आणि तिथेच वकिलाचे पाणी दिसते. तालुक्यात साक्षीदार म्हणजे बहुधा सत्तरीतला शेतकरी असतो. त्याला दस्ताची तारीख आठवत नाही, पण ‘मोठा दुष्काळ पडला त्याच्या पुढल्या साली’ एवढे पक्के आठवते. अशा माणसाला इसवी सन विचारत बसणारा वकील त्याला खोटा ठरवू पाहतो आणि न्यायाधीशांच्या नजरेत स्वतःच उतरतो. माझे सिनिअर त्याला विचारत, “बाबा, तुमच्या वावरात उभं राहून उगवत्या सूर्याकडं तोंड केलं, तर डाव्या हाताला कुणाचं वावर लागतं?” म्हातारा उत्तर देई, आणि खरेदीखतात लिहिलेली उत्तरेची हद्द एका वाक्यात खरी किंवा खोटी ठरे. चतुःसीमा तपासण्याची याहून चांगली रीत मी अजून पाहिलेली नाही.

ही साक्ष इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर अपिलांच्या रचनेत आहे. तालुक्याच्या न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर (निकालानुसार निघणाऱ्या आदेशावर) 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. तिथे पुराव्याची फेरतपासणी होते, पण नवा पुरावा देण्याची मुभा अपवादानेच मिळते. त्यानंतर उच्च न्यायालयात दुसरे अपील चालते ते केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. म्हणजे बांध कोणाचा, सही कोणाची, ताबा कधीपासून, हे प्रश्न तालुक्यात आणि फार तर जिल्ह्यात संपतात. उच्च न्यायालयात कितीही मोठा वकील दिला तरी त्याला तालुक्याच्या वकिलाने उभ्या केलेल्या कागदांवरच युक्तिवाद करावा लागतो. 1998 पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. त्यामुळे ‘वहिवाट’, ‘कब्जेगहाण’, ‘मुदतखरेदी’ अशा शब्दांचा भाषांतरात काय अर्थ निघेल याचाही विचार दावा लिहिणाऱ्याने आधीच केलेला बरा. आमच्या भागापुरती एक सोय अलीकडे झाली आहे. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची खेप टळली आहे. तालुक्यातले काही वकील आता स्वतःचेच दावे दुसऱ्या अपिलापर्यंत नेऊ लागले आहेत, आणि त्यांच्या पार्श्वभूमीत हा नवा रकाना लवकरच दिसू लागेल.

दावा जिंकल्यानंतरचा भागही असतो, ज्याच्याबद्दल कोणीच विचारत नाही. हुकूमनामा झाला म्हणजे जमीन मिळाली असे होत नाही. त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावावी लागते आणि तिला 12 वर्षांची मुदत असते. शेतजमिनीच्या वाटपात तर न्यायालय फक्त हिस्से ठरवते. प्रत्यक्ष सरस-निरस वाटप (चांगल्या-हलक्या जमिनीचा मेळ घालून केलेले) दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, म्हणजे कागद पुन्हा तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या वाटेला लागतो. दरखास्ती चालवलेला वकील दावा लिहितानाच गट नंबर, पोटहिस्सा आणि क्षेत्र असे लिहितो की पुढे मोजणीदाराला प्रश्न पडू नये. ज्याने फक्त दावे जिंकले आणि दरखास्त कधी तडीला नेली नाही, त्याच्या हुकूमनाम्यात ‘दावा मिळकतीपैकी योग्य तो हिस्सा’ असले गोलमाल शब्द सापडतात.

व्यावसायिक पार्श्वभूमीत आणखी काही बिरुदे दिसतात, त्यांचा अर्थ थोडक्यात सांगतो. नोटरी होण्यासाठी सर्वसाधारण वर्गातील वकिलाला किमान 10 वर्षांची वकिली लागते, म्हणून पाटीवरचे ‘नोटरी’ हे अनुभवाचे चिन्ह आहे, दिवाणी कौशल्याचे नव्हे. बँकेच्या पॅनेलवरील वकिलाने मिळकतींचे शोध अहवाल बरेच तयार केलेले असतात. त्याची नजर दस्तांवर चांगली असते. सहायक सरकारी वकील म्हणून काम केलेल्याला भूसंपादनाची आणि शासनाविरुद्धच्या दाव्यांची सवय असते. तालुका विधी सेवा समितीच्या यादीवरील वकील ज्यांना फी परवडत नाही त्यांची कामे चालवतात, आणि लोकअदालतीत तडजोड कशी घडवायची हे त्यांना चांगले उमगलेले असते. तिथल्या निवाड्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. महसूल खात्यातून निवृत्त होऊन वकील झालेल्यांना फेरफार डोळे मिटून वाचता येतो, पण त्यांच्यातल्या अनेकांनी उलटतपास कधी घेतलेला नसतो. काही तरुण वकील न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी वकिली करतात. 20 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. अशा वकिलाकडे काम देण्यात गैर काही नाही, मात्र दावा दहा वर्षे चालणार असेल तर तो तोवर इथे असेल का, हे सरळ विचारावे.

वकिलांना जाहिरात करता येत नाही, भारतीय बार कौन्सिलच्या नियम 36 ने तिला बंदी आहे. त्यामुळे पक्षकाराला माहिती मिळवण्याचे काम स्वतःच करावे लागते, आणि आता ते पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने त्या न्यायालयातील प्रकरणे पाहता येतात. तिथे प्रकरणांची संख्या मोजू नये. पाच-सहा जुनी प्रकरणे उघडून कामकाजाच्या नोंदी वाचाव्यात: मुदतीचे अर्ज कोणाचे आहेत, पुराव्याच्या टप्प्यावर प्रकरण किती दिवस पडून होते, निकाल गुणदोषांवर झाला की गैरहजेरीत. त्यानंतर वकिलाला भेटून दोनच गोष्टी विचाराव्यात. माझ्यासारखा दावा तुम्ही शेवटपर्यंत, दरखास्तीसह, चालवला आहे का? आणि माझ्या बाजूचा सर्वांत कच्चा दुवा कोणता? दुसऱ्या प्रश्नाला ‘काहीच नाही, दावा आपलाच आहे’ असे उत्तर आले तर उठावे. फीबद्दलही मोकळेपणाने बोलून घ्यावे. निकालावर किंवा मिळणाऱ्या जमिनीच्या हिश्श्यावर फी ठरवणे नियमांत बसत नाही, आणि तसे कोणी सुचवले तर तीही त्याची एक प्रकारची ओळखच समजावी.

वकील बदलायची वेळ आलीच, तर जुन्या वकिलाची नवीन वकीलपत्रावर ना हरकत सही घेण्याची पद्धत आहे. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलेले आहे. फी वसूल करायची तर तिचा मार्ग निराळा. फाईल परत घेताना मूळ दस्तांची यादी करून सही घ्यावी. दाव्याची आणि कैफियतीची प्रत, निशाणी 5 वरील आदेश, न्यायालयाने काढलेले वादाचे मुद्दे, मोजणीची ‘क’ प्रत आणि शेवटच्या तारखेचा रोजनामा (कामकाजाची नोंद) एवढे कागद जागेवर आहेत का ते तिथेच, टेबलावर उघडून बघावे आणि पुढची तारीख आपल्या हाताने लिहून घ्यावी.